पावणेपाच किलोची पेशंट

रविवारी सकाळी साडेनऊला नाशकातल्या घराची बेल वाजली, की दारात एक तर पेपरच्या बिलाचा माणूस असतो, नाहीतर मिसळीचं पार्सल. आमच्या दारात मिसळ होती. तर्रीचा वास हॉलभर पसरायच्या आत लवंगीने दिवाणावरून उडी मारली, गुळगुळीत फरशीवर तिचे चार पाय चार तालुक्यांना गेले, आणि उठली तेव्हा ती तीन पायांवर उभी होती. चौथा तिने पोटाशी धरला होता, दुकानदाराने उधारीची वही धरावी तसा.

लवंगी ही आमची पॉमेरेनियन. म्हणजे देणाऱ्याने पॉमेरेनियन म्हणून दिलेली. तिच्या जातीचे कागद आणि आमच्या बिल्डिंगचा पूर्णत्वाचा दाखला, या दोन गोष्टी अजून यायच्या आहेत. दिसायला ती एवढीशी, पण वाजली की तीन बिल्डिंगांना कळतं, म्हणून लवंगी. त्या दिवशी मात्र ती वाजली नाही. एक बारीक 'कुंई' झाली आणि मग शांतता. मिसळीकडेही तिने पाहिलं नाही. तेव्हाच आम्हाला प्रकरणाचं गांभीर्य कळायला हवं होतं.

कळलं ते वेगळंच. पाच मिनिटांत आमच्या घरात पाच डॉक्टर तयार झाले.

आमचा दवाखाना हा एका मिठाईच्या डब्यात असतो. डब्यावर अजून 'शुभ दीपावली' आहे. आत गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीचा औषधाचं नाव छापलेला तेवढाच भाग नेमका कापून गेलेला असतो. आमच्याकडे औषधं रंगावरून ओळखतात. 'ती गुलाबी दे, ती गुडघ्याची.' 'नाही, गुलाबी पित्ताची. गुडघ्याची पिवळी.' या ज्ञानावर आमची तिसरी पिढी सुखरूप वाढते आहे, हा देवाचा आणि काळारामाचा हात.

आईचं वैद्यक हळद, ओवा आणि बाम या तीन खांबांवर उभं आहे. तिने तव्यावर ओवा गरम करायला टाकला, आंबेहळदीचा लेप करायला मला सहाणेवर बसवलं आणि स्वतः बामची बाटली उघडली. बाटली उघडल्याबरोबर लवंगी तीन वेळा शिंकली आणि तीन पायांवर दिवाणाखाली गेली. तिचा निर्णय किती शास्त्रीय होता ते आम्हाला संध्याकाळी कळलं. बाममध्ये कापूर असतो, ॲस्पिरिनच्या भावकीतलं मिथाइल सॅलिसिलेट असतं. माणूस तो लावून झोपतो. कुत्रं तो लावून घेतं आणि मग बसून शांतपणे सगळा चाटून टाकतं. म्हणजे आपण कंबरेला लावतो, ते तिच्या पोटात जातं. ओव्याच्या शेकालाही अडचण होतीच. ताज्या मुरगळीला, सुजेला पहिले दोन-तीन दिवस शेक नको, गार हवं. आई हे कधीही मान्य करणार नाही. तिच्या मते गार लावल्याने 'वारा धरतो'.

मी डब्यातली पिवळी आणि गुलाबी दोन्ही नाकारून, सुशिक्षित माणसासारखा मेडिकलमध्ये गेलो.

"दुखण्यावर काहीतरी द्या. पाय मुरगळलाय."

"कोणाचा?"

"मुलीचा." आमच्या घरात लवंगीला मुलगीच म्हणतात.

"वय?"

"तीन वर्षं."

"वजन?"

हे मात्र मला ठाऊक होतं. निघण्याआधीच तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो होतो आणि मग एकटा. शहाऐंशी किलो आठशे वजा ब्याऐंशी. हा हिशेब बायको मागे उभी राहून वाचत होती आणि त्यातल्या पहिल्या आकड्यापेक्षा दुसऱ्यातच तिला जास्त रस होता.

"पावणेपाच किलो," मी म्हणालो.

मेडिकलवाल्याने हातातलं पाकीट खाली ठेवलं. "तीन वर्षांची मुलगी आणि पावणेपाच किलो? अहो, गोळी काय मागताय! आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या."

"कुत्री आहे हो."

"मग असं सांगा ना." त्याचा जीव भांड्यात पडला. "सहाशे पन्नासची पॅरासिटामॉल घेऊन जा. अर्धी द्या."

या एका संवादात आपल्या सगळ्या भूतदयेचं मोजमाप आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. तीच कहाणी, तेच वजन. मुलगी असेपर्यंत डॉक्टर, कुत्री निघाली की अर्धी गोळी.

अर्धी गोळी खिशात घालून जिना चढत होतो, तर खालच्या मजल्यावरच्या काकांनी अडवलं. काका प्रेसमधून निवृत्त झाले. नाशकात 'प्रेस' म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, नाशिकरोडचा नोटांचा कारखाना. दुसऱ्यांच्या नोटा मोजण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली, त्यामुळे कुठलाही आकडा त्यांच्यासमोरून तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

"तिचं वजन किती म्हणालास?"

"चार किलो आठशे."

"माझं पासष्ट." काकांनी खिशातून पेन काढून बिलाच्या मागेच गुणाकार मांडला. "म्हणजे तिला एक गोळी ही मला साडेतेरा गोळ्या. तू अर्धी देणार. म्हणजे मला एका घोटाबरोबर पावणेसात." त्यांनी चष्मा वर केला. "मला देशील का रे पावणेसात?"

प्रश्न अवघड होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काका जेवढे प्रश्न विचारतात ते आठवून मी क्षणभर विचारात पडलो. पण उत्तर 'नाही' असंच होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर हिशेब पुढे नेला. कुत्र्यात पॅरासिटामॉल वापरायचंच ठरलं, तर पशुवैद्य ते किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात आणि तेही कुत्रं तपासून. अर्ध्या गोळीत लवंगीला किलोमागे जवळपास 68 मिळाले असते, अख्ख्या गोळीत 135. त्या पातळीला यकृत धोक्यात येतं, आणि आणखी जास्त झालं की रक्ताला प्राणवायू वाहायचा विसर पडतो. मांजराला तर पाचशेची एक गोळीही जिवावर बेतते, कारण हे औषध पचवायची यंत्रणाच त्याच्या यकृतात धड नसते. आणि आमच्या डब्यातली पिवळी? ती डायक्लोफेनॅक निघाली. गुलाबी होती आयबुप्रोफेन. दोन्ही कुत्र्याच्या पोटात जखमा करतात, रक्तस्राव करतात, मूत्रपिंडं बिघडवतात. पित्ताची त्यांतली एकही नव्हती. आई ती गुलाबी पित्तावर कधीपासून घेत होती, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शेवटी लवंगीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तर तिथे गर्दी होती. एका बाजूला गळ्यात प्लास्टिकचा कर्णा घातलेला लॅब्रॅडॉर, दुसऱ्या बाजूला दिंडोरीहून आलेली एक शेळी आणि तिचे मालक. जनावरांच्या दवाखान्यात माणसं आपली नावं सांगत नाहीत. "आम्ही ब्रूनोचे." "आम्ही लवंगीचे." शेळीवाले म्हणाले, "आम्ही शेळीचे." सगळ्यांत शहाणी शेळीच वाटत होती.

नंबर आला. दाराची पायरी ओलांडली आणि लवंगी खाली उतरून चारही पायांवर ठणठणीत चालायला लागली. लंगडणं नाही, काही नाही. टेबलापर्यंत ती अशी गेली की जणू आम्हीच हिला उगाच आणलंय. मी ओशाळून म्हणालो, "डॉक्टर, घरी खरंच लंगडत होती."

"सगळ्याच घरी लंगडतात," डॉक्टर म्हणाले. "भीतीने दुखणं विसरतात. पुढच्या वेळी घरी चालतानाचा व्हिडिओ काढून आणा."

मग त्यांनी तिचा मागचा पाय हातात घेऊन गुडघ्यावर अंगठा फिरवला, हलकेच, रेडिओचं स्टेशन लावावं तसा. कुठेतरी 'टक्' झालं. लवंगीने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि एकदाच जीभ ओठांवरून फिरवली. "हे बघा," डॉक्टर म्हणाले. "हेच तिचं 'आई गं'."

गुडघ्याची वाटी सरकत होती. लहान जातीच्या कुत्र्यांचं हे घरचं दुखणं. चालता चालता दोन पावलं पाय उचलतात, लंगडी घालतात, वाटी जागेवर बसली की पुन्हा पळतात. आम्ही वर्षभर तिची ती लंगडी 'लाडात येऊन नाचते' म्हणून पाहुण्यांना दाखवत होतो. पाहुणे टाळ्या वाजवत होते. या दुखण्याच्या चार पायऱ्या असतात. लवंगी दुसरीवर होती. तिसरी-चौथीला ऑपरेशनचं बोलतात, पहिली-दुसरीला बहुतेकदा वजन, विश्रांती आणि औषधावर भागतं.

"ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असं समजू नका," डॉक्टरांनी सांगितलं. "कोपऱ्यात बसते का, दिवाणावर चढायला कचरते का, एकच जागा चाटत राहते का, बसल्या जागी धापा टाकते का, हे बघा." ग्लासगो विद्यापीठाने म्हणे कुत्र्याचं दुखणं मोजायची एक प्रश्नावलीच केली आहे. सहा मुद्दे, चोवीस गुण. कण्हते का, जखमेकडे लक्ष देते का, उठून कशी चालते, दुखऱ्या भागाजवळ दाबल्यावर काय करते, मूड कसा आहे, बसते कशी. सहा किंवा जास्त गुण पडले की वेदनेवर औषधाचा विचार करायचा. नापास होण्यात फायदा असलेली ही जगातली एकमेव परीक्षा. ऑपरेशननंतरच्या कुत्र्यांसाठी दवाखान्यात वापरायची ही गोष्ट मी घरी येऊन काकांना सांगितली ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल रेघांची वही आणली आणि रोज सकाळी सात वाजता लवंगीचे मार्क लिहायला सुरुवात केली. 'मूड' या रकान्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं : 'माझ्यावर नाराज.'

औषध मिळालं मेलॉक्सिकॅम. पातळ, ड्रॉपरने मोजून द्यायचं. पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, मग रोज 0.1. म्हणजे लवंगीला दिवसाला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. मेलॉक्सिकॅम माणसांच्या दुकानातही मिळतं, पण तिथली मोठी गोळी 15 मिलिग्रॅमची. लवंगीचा महिन्याभराचा शिधा एका गोळीत. "म्हणून नाव तेच असलं तरी डबा तो नाही," डॉक्टर म्हणाले. औषध खाल्ल्यावरच द्यायचं. पाणी भरपूर. सोबत स्टेरॉइड किंवा दुसरं वेदनाशामक अजिबात नाही. उलटी झाली, खाणं सुटलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, की औषध थांबवून लगेच फोन. जास्त दिवस चालवायचं असेल तर मूत्रपिंड आणि यकृतासाठी रक्ततपासणी. सूचना आईने लक्ष देऊन ऐकल्या आणि शेवटी विचारलं, "पथ्य?"

नाशकात कुत्र्याचं पथ्य पाळणं म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाचं नाव न घेता राहण्यासारखं आहे. या जिल्ह्याची दोन भूषणं, द्राक्षं आणि कांदा, आणि दोन्ही कुत्र्याला विष. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेल्यानेही. द्राक्षांनी, मनुकांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि किती खाल्ली म्हणजे बंद पडतील हे कुत्र्यागणिक बदलतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते चिंचेतही असतं. म्हणजे आईची आमटीसुद्धा गेली. मिसळीतला कांदा तर आधीच गेला होता. ज्या मिसळीसाठी तिने गुडघा पणाला लावला, ती तिला कधीच मिळणार नव्हती.

आणि दुसऱ्या दिवशी पिंपळगाव बसवंतहून मामा आले. आजाऱ्याला भेटायला फळं न्यायची रीत, म्हणून त्यांनी स्वतःच्या बागेतली द्राक्षांची पेटी आणली होती. "काय झालं आमच्या लवंगीला?" म्हणत त्यांनी पहिला घड तिच्याच पुढे धरला. घरातली चार माणसं एकाच वेळी "मामा!" म्हणून अशी ओरडली, की मामांच्या हातातला घड खाली पडला. लवंगी तीन पायांवर त्याच्याकडे निघाली होती. काका तिच्या आधी पोहोचले, चारही हातापायांवर. द्राक्षं आम्ही खाल्ली. मामा आठ दिवस फोन उचलत नव्हते.

औषधाची मला मुळात धास्ती होती, पण डॉक्टर म्हणाले, "या औषधाचा इतिहास ऐका, मग विश्वास बसेल." अंजनेरीचा कडा आपण त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना पाहतो. तिथे लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. एके काळी गिधाडं देशभर आपल्या कावळ्यांइतकी होती. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत हजारातून एक उरली. कारण 2004 साली सापडलं, आपल्या डब्यातली पिवळी गोळी : डायक्लोफेनॅक. म्हाताऱ्या, लंगड्या गाईला दुखू नये म्हणून लोक मायेने टोचत होते. गाय मेली की गिधाडं ती खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचायच्या, म्हणून 2015 मध्ये त्या 3 मिलिलिटरवर आणल्या. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. आणि गिधाडाला न मारणारं, गाईचंही दुखणं थांबवणारं औषध शोधताना जे हाती लागलं ते हेच, लवंगीच्या ड्रॉपरमधलं मेलॉक्सिकॅम. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात तर वनखात्याने गिधाडांसाठी जेवणाची जागाच केली. गावकऱ्यांनी मेलेलं जनावर तिथे नेऊन ठेवायचं.

आईला यातलं रसायनशास्त्र कळलं नाही, पण गिधाड म्हटल्यावर ती सावरून बसली. इगतपुरी तालुक्यात टाकेदला जटायूचं तीर्थ आहे. घायाळ जटायूसाठी रामाने बाण मारून सगळ्या तीर्थांचं पाणी तिथे आणलं, असं सांगतात. "म्हणजे बघ," आई म्हणाली, "रामानेसुद्धा त्याला नुसतं पाणी दिलं. गोळी नाही दिली." त्या दिवसापासून आमच्या घरात मेलॉक्सिकॅमला 'जटायूचं औषध' म्हणतात आणि ते द्यायचा अधिकार फक्त आईला आहे.

देणं मात्र सोपं नव्हतं. लवंगी भातात कालवलेला थेंबही वेगळा काढायची. आधी भात खाल्ला, वाटी चकचकीत झाली, आणि मध्यभागी ओलसर डाग तेवढा शिल्लक, नकाशातल्या बेटासारखा. शेवटी जेवण झाल्यावर ड्रॉपर गालाच्या आत सोडायला आम्ही शिकलो. मग खरी शिक्षा सुरू झाली : विश्रांती. उड्या बंद, जिना बंद, दिवाण बंद. कापडात गुंडाळलेली मटाराची गार पिशवी दहा-पंधरा मिनिटं गुडघ्यावर, पहिले तीन दिवस. आई तोंडाने 'वारा धरेल' म्हणायची आणि हाताने पिशवी धरायची. फरशी निसरडी म्हणून घरातल्या सगळ्या सतरंज्या, गोधड्या, योगाच्या चटया हॉलमध्ये आल्या. आमच्या घराला लग्नाच्या जानवसघराची कळा आली. दूधवाला बाहेरूनच विचारायचा, "कार्य कधी आहे?"

इमारतीला लिफ्ट नाही. लवंगीला फिरायला न्यायचं म्हणजे तीन मजले कडेवर उतरायचं आणि तीन मजले कडेवर चढायचं, दिवसातून तीनदा, तीन आठवडे. तिची शान अशी, की खालची भटकी कुत्री मान वर करून पाहत राहायची. औषध सहाव्या दिवशी डॉक्टरांनी बंद केलं. विश्रांती चालू राहिली. काकांच्या वहीतले मार्क नऊवरून उतरत शून्यावर आले. तिने पहिल्यांदा दाराशी जाऊन पोस्टमनवर तोंड टाकलं, तेव्हा तीन बिल्डिंगांना कळलं की लवंगी बरी झाली.

त्याच संध्याकाळी तिला कडेवर घेऊन शेवटच्या वेळी चढताना दुसऱ्या मजल्यावर माझ्या कंबरेत 'टक्' झालं. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यातून काढलं होतं अगदी तेच. मी तिला कसंबसं खाली ठेवलं आणि भिंतीला धरून वर आलो.

"डॉक्टरांकडे जाऊ या का?" मी विचारलं.

"एवढ्याशासाठी?" बायको म्हणाली. आईने तव्यावर ओवा टाकला होता. काकांनी 'शुभ दीपावली' डबा उघडून दोन गोळ्या हातावर ठेवल्या, एक पिवळी, एक गुलाबी. मी वजनाचा गुणाकार करायला सांगितलं, तर म्हणाले, "तुला काय होतंय रे!" मी सतरंजीवर पालथा पडलो. आईने बामची बाटली उघडली, आणि तेवढ्यात माझ्या कानाशी ओल्या नाकाने कोणीतरी हुंगलं.

"अरे, तिला धरा, तिला आत न्या!" सगळे एकदम ओरडले. "बाम चाटला तर बाधेल तिला!"

लवंगीला उचलून आत नेण्यात आलं. मग आईने बाटली निम्मी माझ्या पाठीवर उपडी केली.